सदर कर्मचाऱ्याबाबत

आमच्या ऑफिसात दरवर्षी नव्याने लागलेल्या मंडळींना एका खोलीत बसवून दोन तासांचं व्याख्यान दिलं जातं. विषय असतो ‘स्पष्ट आणि परिणामकारक व्यावसायिक पत्रलेखन’, आणि व्याख्यान मी देतो. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात माझी बाजू लोकांना कळावी म्हणून सांगतो. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात माझी बावीस वर्षं गेली आहेत. माझ्या एका पत्रामुळे एका पुरवठादाराने तीन ट्रक भरून वॉशर मुकाट्याने परत नेले होते. तो पुढे एका लग्नात भेटला तेव्हा म्हणाला, "पत्र काही कळलं नाही साहेब, पण भीती वाटली." मी ते आजही प्रशस्तिपत्र समजतो.

तर अशा माणसाच्या घरात एका पत्राची गरज पडली.

गरज बायकोला होती. आमची मुलगी व्हायच्या आधी ती सहा वर्षं काचेच्या बरण्यांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होती. मुलगी झाली, नोकरी सुटली, आणि ‘दोन वर्षांनी बघू’ म्हणता म्हणता मुलगी पंधरा वर्षांची झाली. यंदा एका औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या पर्यवेक्षकाची जागा निघाली. बायकोने मला न सांगता अर्ज केला, न सांगता मुलाखत दिली आणि निवड झाल्यावर सांगितलं. आता फक्त एक कागद हवा होता, जुन्या कारखान्याचं अनुभवाचं प्रमाणपत्र. तो महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार. हातात पाच आठवडे होते.

"मी उद्या जाऊन घेऊन येते," ती म्हणाली. "दोन बस बदलाव्या लागतात, एवढंच."

"अशी कामं तोंडी होत नसतात," मी कप खाली ठेवत म्हणालो. "माणूस समोर जाऊन उभा राहिला की मागणीचं वजन जातं. रीतसर पत्र लिहू."

"बरं, मग मी लिहिते. दोन ओळींचं तर आहे."

दोन ओळी. पेटीवादकाच्या बायकोने त्याच्यासमोर पेटीवर कपडे वाळत घालावेत तसं मला झालं. मी शांतपणे म्हणालो, "हे तू माझ्यावर सोड." तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि खरंच सोडलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा समजला नाही.

शनिवारी सकाळी मी जेवणाचं टेबल मोकळं करून घेतलं. मसुदा कागदावर, शाईच्या पेनने, डावीकडे चार बोटं समास सोडून लिहायचा, ही माझी पद्धत. दुपारपर्यंत दीड पान झालं. मुलगी येऊन डोकावून गेली आणि "बाबा, हे एका प्रमाणपत्रासाठी?" एवढंच विचारून गेली. पंधराव्या वर्षी माणसाला भाषेची कदर नसते.

शेजारच्या दारात मास्तर राहतात. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तरी त्यांना वाचायला काहीही दिलं तर ते आधी खिशातून लाल पेन काढतात. त्यांनी मसुदा दोनदा वाचला.

"विषयाची ओळ फार लांबलचक झालीय," ते म्हणाले. "एवढा तपशील विषयात कशाला? ‘प्रमाणपत्राबाबत’. संपलं. आणि सुरुवात अशी अंगावर येणारी नको. आधी त्या संस्थेबद्दल दोन चांगले शब्द लिहा. समोरच्याचं मन आधी मऊ झालं पाहिजे."

मी विषय कापला आणि मन मऊ करणारा एक परिच्छेद घातला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब जिन्यातून उतरत होते. त्यांना पत्राचा वास लांबूनच येतो. ते कठड्याला टेकून वाचू लागले.

"इथे तुम्ही सरळ नाव घेऊन मोकळे झालात," ते म्हणाले. "असं नाही करायचं. ‘सदर कर्मचारी’ म्हणा. ‘सदर’ शब्दाने कागदाला भारदस्तपणा येतो. आणि शेवटी लिहा, ‘आमचे सर्व हक्क अबाधित राखून.’"

"कसले हक्क?" मी विचारलं.

"ते नंतर ठरवता येतं. आधी अबाधित तर राखू."

वाक्याला चाल चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. मी ते घातलं. सोमवारी पत्र टंकित करून घेतलं, शेवटच्या ओळीतले दोन शब्द समासाबाहेर जात होते ते स्वतः काढले आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. बायकोने वाचायला मागितलं होतं, पण पाकीट चिकटवून झालं होतं. चिकटवलेलं पाकीट मी उघडत नाही.

चार दिवसांत उत्तर आलं. ‘आपले पत्र मिळाले. सदर बाबतीत नेमकी माहिती पाठवावी.’ खाली गिचमिड सही.

मला खरोखर नाकाला मिरच्या झोंबल्या. दीड पान लिहून वर नेमकी माहिती? मी दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहिलं की सदर बाबीची संपूर्ण माहिती आमच्या पहिल्या पत्रात आहे, ते लक्षपूर्वक वाचण्याचे कष्ट घ्यावेत. वकीलसाहेबांना ‘कष्ट घ्यावेत’ इतकं आवडलं की त्यांनी हक्कांचं वाक्य या वेळी दोनदा घालायला लावलं.

या पत्राचा परिणाम झाला. परिणामकारक म्हणजे काय ते यावरून कळावं. तिसऱ्याच दिवशी उत्तर आलं की आपण हक्कांबाबत वाद उपस्थित केल्याने प्रकरण आमच्या कायदा विभागाकडे वर्ग केले आहे, आपण नेमके कोणाबाबत व कशाबाबत वाद घालू इच्छिता ते कळवावे, आणि तोपर्यंत कारखान्यातील कोणीही आपल्याशी संपर्क साधणार नाही.

"वाद कसला?" बायकोने विचारलं. "मला तर साधा कागद हवाय."

"घाबरू नकोस. त्यांनी आपल्याला गंभीरपणे घेतलंय."

"मी एकदा जाऊन येऊ का?"

"आता तर मुळीच नाही. कायदा विभागात गेलेलं प्रकरण आहे ते. आपण तिथे गेलो तर आपली बाजू लंगडी पडेल."

दोन आठवडे संपले होते. रात्री जेवताना ती घड्याळाकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली होती. मी ते बघत नसल्यासारखं दाखवलं.

मास्तरांचं मत पडलं की वकिलाने सगळं बिघडवलं, आता फुंकर घालायला हवी. म्हणून तिसरं पत्र जवळजवळ त्यांनीच सांगितलं. आपल्या संस्थेच्या बरण्या घराघरात पोचल्या आहेत, त्यांच्या पारदर्शकतेला तोड नाही, अशी संस्था आमच्या साध्या विनंतीकडे सहृदयतेने पाहील यात शंका नाही, वगैरे. पत्र वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

आठवड्याने दारात खोकं आलं. आत वाळलेल्या गवतात सहा बरण्या आणि ग्राहक-अभिप्राय विभागाचं छापील आभारपत्र. ‘आपले कौतुक आमच्या मासिकात प्रसिद्ध करण्यात येईल. आपण आमची कोणती बरणी वापरता तेही कळवावे.’

मास्तर म्हणाले, "बघा, मन मऊ झालं." बायकोने एकेक बरणी उचलून खिडकीच्या उजेडात फिरवली. चौथ्या बरणीशी थांबली. "हिला तडा आहे," ती म्हणाली. मी चष्मा लावून, चष्मा काढून, नखाने खरवडून पाहिलं. मला काही दिसलं नाही. तिने ती बाजूला ठेवली आणि बाकीच्या पाच धुवायला टाकल्या.

यानंतर मी स्मरणपत्रांवर आलो. स्मरणपत्रांची एक चढती श्रेणी असते. पहिलं सौम्य, दुसरं खेदाचं, तिसरं अंतिम. तिन्ही गेली. अंतिमनंतर काय, याला आमच्या शास्त्रात उत्तर नाही. म्हणून मी ‘अंतिम स्मरणपत्राचे स्मरण’ असं एक नवीनच पत्र शोधून काढलं. वकीलसाहेबांनी हात मिळवला. उत्तर एकाचंही आलं नाही. शेवटच्या शुक्रवारची तारीख उद्यावर येऊन ठेपली होती.

गुरुवारी संध्याकाळी बायकोने कपाटातून चांगली साडी काढून इस्त्री केली. "उद्या सकाळी मी कारखान्यात जातेय," ती म्हणाली. परवानगी मागण्याचा सूर नव्हता. "तुम्ही येणार असाल तर या. नसाल तर पत्र पाठवा."

मी दिवसभराची रजा टाकली आणि सगळ्या पत्रांच्या प्रती एका फायलीत नीट लावून तिच्याबरोबर निघालो. दोन्ही बसमध्ये मी पत्रांचे क्रमांक पुन्हा पुन्हा तपासत होतो.

आवक-जावकच्या खिडकीत साखळीचा चष्मा लावलेली एक बाई बसली होती. मी नाव सांगितल्याबरोबर ती खुर्चीतून अर्धी उठली.

"ते पत्रवाले तुम्हीच का?"

"हो," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, त्या परिस्थितीतही मला जरा बरं वाटलं.

तिने आत बघून हाक मारली, "अहो, ते आलेत बघा." आतल्या दारातून तीन डोकी बाहेर आली, मला पाहून आत गेली आणि कोणीतरी हसलं. मग तिने एक जाडजूड फाइल आणली आणि सगळ्यात वरचा कागद माझ्या हातात दिला. "तुमचं काम कालच झालंय. आज पोस्टात टाकणार होतो."

मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं आणि कागद मोठ्याने वाचायला लागलो. त्यावर माझं पूर्ण नाव होतं. पुढे लिहिलं होतं की, आमच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या सर्व हजेरीपटांची तपासणी केली असता, सदर गृहस्थ आमच्या कारखान्यात कधीही कामाला नव्हते असे प्रमाणित करण्यात येते. सही, शिक्का, तारीख.

"तीन माणसं तीन आठवडे तुमचं नाव शोधत होती," खिडकीतली बाई म्हणाली. "शेवटी कायदा विभागाने सांगितलं, नाही तर नाही म्हणून लिहून द्या."

"पण हे माझ्याबद्दल नाहीच."

"मग कोणाबद्दल आहे?"

बायकोने हात पुढे केला. "ती फाइल जरा बघू."

सातही पत्रं तिने खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडली आणि त्यांच्यावरून नजर फिरवली. वाचली असं म्हणता येणार नाही. मला वाटतं पाऊण मिनिट लागलं. मग तिने हळूच विचारलं, "अहो, यात माझं नाव कुठंय?"

"असेल ना. पहिल्या पत्रात आहे."

"दाखवा."

मी दाखवायला गेलो. विषयात ‘प्रमाणपत्राबाबत’ होतं. पहिल्या परिच्छेदात संस्थेचा नावलौकिक होता. दुसऱ्यात सदर कर्मचारी, तिसऱ्यात सदर कर्मचाऱ्याची सेवा, चौथ्यात सदर सेवेचा कालावधी. ‘सदर’ म्हणजे वर सांगितलेला, आणि वर कोणीच नव्हतं. दुसऱ्या पत्रात ‘पहिले पत्र पाहावे’ असं होतं. तिसऱ्यात बरण्या होत्या. चारही स्मरणपत्रांत मागील पत्रांचे क्रमांक होते, तेही अगदी बिनचूक.

नाव मुळात तीन ठिकाणी होतं, हे मी शपथेवर सांगतो. विषयातलं मास्तरांनी कापलं, मधलं वकीलसाहेबांनी भारदस्त केलं, आणि तळाशी समासाबाहेर जाणारे जे दोन शब्द मी स्वतः काढले होते ते बायकोचं नाव आणि आडनाव होते. माझ्या व्याख्यानात एकूण सात नियम आहेत. पहिला नियम म्हणजे, पत्र कोणाबद्दल आहे ते पहिल्या ओळीत सांगा.

"आम्ही तेच विचारत होतो हो," खिडकीतली बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

बायकोने आपलं नाव, कामाची वर्षं आणि विभाग सांगितला. बाईने लिहून घेतलं. जुना हजेरीपट पाच मिनिटांत सापडेल म्हणाली. पण घोडं दुसरीकडेच अडलं. कायदा विभागाचे अधिकारी बाहेर गेले होते, ते अडीचला परतले. बारीक, सावकाश बोलणारे गृहस्थ होते.

"वाद चालू असताना आम्हाला कुठलाही कागद देता येत नाही," ते म्हणाले.

"वाद नाहीच आहे," मी म्हणालो.

"मग मागे घ्यायला काय हरकत आहे? सातही पत्रं मागे घेत असल्याचं लिहून द्या. कोणासंबंधीची होती तेही लिहा."

पावणेतीन वाजले होते. मी कागद घेतला आणि सुरुवात केली, ‘आपल्या व आमच्या दरम्यान झालेल्या प्रदीर्घ पत्रव्यवहाराच्या अनुषंगाने, काही अपरिहार्य गैरसमजांमुळे उद्भवलेल्या’, आणि इथे बायकोने कागदावर हात ठेवला.

"नुसतं ‘मागे घेतो’ म्हणा."

"कारण तरी द्यायला नको?"

"नको."

दुसरा कागद घेतला. सात पत्रांतल्या एकेका वाक्यासाठी मी चहा गार केला होता. ती सगळी एका ओळीत मागे घ्यायची होती, आणि त्या ओळीत कोणासंबंधीची हे लिहायचं होतं. मी पेन टेकवलं आणि क्षणभर थांबलो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी तिला ‘अगं’ म्हणतो, लोकांसमोर ‘आमच्या घरी’ म्हणतो. तिचं पूर्ण नाव मी स्वतःच्या हाताने शेवटचं कधी लिहिलं होतं ते मला आठवेना. लिहिलं. समासात बसलं.

प्रमाणपत्र साडेतीनला मिळालं. चार ओळींचं होतं. तिसरी ओळ विस्कळीत होती, दोन वाक्यांची कामं एकाच वाक्यात कोंबलेली. माझे हात शिवशिवले, पण मी ते खिशात घातले. हजेरीपटात शेरा म्हणून एक रकाना असतो. त्यातलं जुन्या पर्यवेक्षकाचं वाक्य त्यांनी तसंच उतरवलं होतं. ‘यांच्या टेबलावरून सहा वर्षांत तडा गेलेली एकही बरणी पुढे गेली नाही.’

बायको ते वाक्य वाचत उभी राहिली. मग तिने कागद दुमडला नाही, हातातच धरून चालू लागली.

मला फार लाज वाटली. नाव राहिलं त्याची तर वाटलीच, पण सात पत्रांत मी तिच्या कामाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं त्याची जास्त. लिहिणार कसं? मला माहीतच नव्हतं. ती बरण्यांच्या कारखान्यात तपासणीला होती एवढंच मला ठाऊक होतं.

बसमध्ये बसायला जागा मिळाली. मी विचारलं, "तडा कसा दिसतो? त्या दिवशी मला दिसला नाही."

"बरणीकडे बघायचं नाही," ती म्हणाली. "बरणीतून पलीकडचा उजेड येतो त्याच्याकडे बघायचं. उजेड कुठे अडखळला की तिथे बोट ठेवायचं. मिनिटाला चाळीस बरण्या जायच्या पट्ट्यावरून. पहिले सहा महिने रोज डोकं दुखायचं." मग तिने पट्ट्याचा आवाज कसा असायचा ते सांगितलं, भट्टीकडून येणारी गरम हवा सांगितली, एकदा आख्खी गाडी परत पाठवली तेव्हा साहेब कसे ओरडले आणि नंतर गप्प बसले ते सांगितलं. बोलण्याच्या नादात आमचा थांबा चुकणारच होता.

"तुला हे पहिल्याच दिवशी जाऊन आणता आलं असतं," मी शेवटी म्हणालो. "माझं ऐकलंस कशाला?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "इतक्या वर्षांत माझ्या कामासाठी तुम्ही पहिल्यांदा टेबलाशी बसलात. म्हटलं, बसू दे."

मी पत्रांची फाइल मांडीवरून उचलून सीटखाली ठेवली.

औषधांच्या कारखान्यात पोचलो तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती. तिथल्या बाईंनी प्रमाणपत्र पाहिलं, फायलीला लावलं आणि "सोमवारी सकाळी आठला या," म्हणाल्या. मग एक छापील अर्ज पुढे केला, नव्या माणसाची माहिती भरून घेण्याचा. मी सवयीने पेन काढलं. बायकोने ते माझ्याकडून घेतलं आणि स्वतः भरायला लागली. मी मागे उभा राहून बघत होतो. नाव तिने पहिल्याच ओळीत लिहिलं. पत्ता, शिक्षण, अनुभव, सगळं भराभर. खाली एक रकाना होता, ‘पतीचा व्यवसाय’. तिथे ती थोडी थांबली आणि लिहिलं, ‘पत्रे लिहितात.’

मी ते दोन शब्द बराच वेळ पाहिले. काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं, कोणाबद्दल आहे ते कळत होतं. कापण्यासारखं मला काही सापडलं नाही.

"वरिष्ठ साहाय्यक, पत्रव्यवहार विभाग, असं लिहिलं असतंस तर," मी हळूच म्हणालो.

"जागा एवढीच होती," ती म्हणाली आणि खाली सही करून मोकळी झाली.